मेंढरांचे रान आणि फिरस्त्याचे कुत्रे

कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन इंग्लंडमधल्या मेंढरांवर बोलावे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. आमच्या कचेरीतल्या मंडळींनी तर सरळ थट्टाच केली. पण विषय वाटतो तितका लांबचा नाही. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. त्या गिरण्यांची एके काळी स्पर्धा होती मँचेस्टरच्या कापडाशी. आणि मँचेस्टरचा कामगार आठवडाभर धूर खाऊन रविवारी मोकळ्या हवेसाठी ज्या डोंगरांकडे धावत असे, त्या डोंगरांतलीच ही हकीकत आहे.

आधी तिथल्या वाटांचा प्रकार समजून घेतला पाहिजे. इंग्लंडात शेत खाजगी असते, पण त्यातून जाणारी पायवाट सार्वजनिक असू शकते. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता म्हणतात, त्याच जातीचा हा हक्क. फरक एवढाच, की १९४९ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक कौंटीला अशा वाटांची पाहणी करून त्यांचा अधिकृत नकाशा करायला लावले. इंग्लंड आणि वेल्स मिळून या वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल भरतात. त्या गावाबाहेरून जात नाहीत; कुरणाच्या मधून, कधी कधी तर शेतकऱ्याच्या अंगणातून जातात. वाटेवरून चालणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच्याबरोबर त्याचे कुत्रेही जाऊ शकते. वाट सोडली, की मात्र तो परक्याच्या जमिनीत शिरला.

वाटा होत्या, पण डोंगरमाथ्याचे उघडे माळ बंद होते. तिथे ग्राउज नावाच्या पक्ष्याची शिकार चाले, आणि वर्षातल्या थोड्या दिवसांच्या त्या शिकारीसाठी बाराही महिने रखवालदार दंडुके घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, काही शे कामगार तरुण हेफील्ड गावाहून निघाले आणि किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर उघडपणे चढले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वर्षे वीस, तेव्हा बेकार असलेला मोटार मेकॅनिक. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जण पकडले गेले आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने मिळाले. पुढे तो मँचेस्टरजवळच्या कारखान्यात आयुष्यभर युनियनचे काम करीत राहिला. ज्या ड्यूक घराण्याची ती जमीन होती, त्याच्या वारसाने २००२ साली, सत्तर वर्षांनी, जाहीर माफी मागितली. दरम्यान १९५१ मध्ये तोच मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० सालच्या कायद्याने नकाशावर दाखवलेल्या उघड्या माळांवर, डोंगरांवर आणि सार्वजनिक कुरणांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

ही कथा आम्ही तरुणपणापासून कामगारांच्या अभ्यासवर्गात सांगत आलो. तिच्यात एका बाजूला कामगार आणि दुसऱ्या बाजूला ड्यूक. सांगायला सोपी कथा. तिच्यात मेंढपाळ कुठेच नव्हता, हे आमच्या कधी ध्यानात आले नाही. ते ध्यानात यायला एक कुत्रे कारणीभूत झाले.

२०१७ साली मार्चअखेर काही कामगार मित्रांच्या निमंत्रणावरून आम्ही मँचेस्टरला गेलो होतो. रविवारी आमचे यजमान आम्हांला किंडर दाखवायला निघाले. मँचेस्टरहून आगगाडीने एडेल हे खेडे पाऊण तासाच्या आत येते. यजमान साठी ओलांडलेले, निवृत्त फिटर, बरोबर त्यांचे मोठे, लोकरी, प्रेमळ कुत्रे. आगगाडीत त्याने आमच्या बुटांवर डोके ठेवून झोप काढली.

एडेलचे शिवार पाहून आम्हांला थेट आमच्या आजोळच्या कोकणाची आठवण झाली. चुना-माती न लावता दगडावर दगड रचलेले गडगे डोंगरभर चढत गेलेले. कोकणात गडग्याला बेडे असते, तसे तिथे फाटक असते. आणि जिथे फाटक नाही तिथे गडग्यात दोन-तीन लांब दगड किंवा फळ्या बसवून चढउतार करण्यापुरत्या पायऱ्या केलेल्या असतात. माणूस चढतो, मेंढरू चढत नाही, अशी ती युक्ती. पण कुत्र्याचे काय? लहान असेल तर काखोटीला मारता येते. आमच्या यजमानांचे कुत्रे वासराएवढे. तेव्हा त्यांनी त्याची साखळी सोडली, त्याला मागून ढकलले, आणि ते पलीकडे उतरले ते थेट कुरणातल्या मेंढ्यांच्या मागे धावत सुटले.

सगळा प्रकार दोन-अडीच मिनिटांचा. मेंढ्या एकदम उठून कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात पळाल्या आणि गडग्याला चिकटून एकमेकींवर दाटल्या. यजमान ओरडत होते. कुत्रे ऐकत नव्हते. आम्ही गडग्यावर एक पाय टाकून उभे. शेवटी ते आपणच जीभ काढून परत आले, अगदी आनंदात. तोवर शेतकरी येऊन पोचला होता.

आम्हांला वाटले, आता कडाक्याचे भांडण होणार. जमीनमालक म्हणून जे चित्र आमच्या मनात होते, त्यात हा माणूस कुठेच बसत नव्हता. तो खंडाने जमीन कसणारा, हाताला भेगा पडलेला, आमच्याच वयाचा गृहस्थ निघाला. यजमानांनी ओशाळून क्षमा मागितली आणि म्हणाले, "पण त्याने एकीलाही चावा घेतला नाही."

तो म्हणाला, "चावा घेतला असता तर बरे झाले असते. जखम दिसली असती, गुरांचा डॉक्टर बोलावला असता. आता मला तीन आठवडे थांबून बघावे लागेल."

त्या एका वाक्याचा अर्थ समजायला आम्हांला सगळी दुपार लागली, आणि आजच्या विषयाचे मर्मही तिथेच आहे. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. त्या थंड डोंगरांत एप्रिलच्या मध्याला कोकरे जन्मावीत असा हिशेब धरलेला असतो, म्हणजे गवत फुटू लागते आणि आईला दूध येते. तेव्हा मार्चअखेरची मेंढी अवघडलेली असते, बहुधा पोटात दोन कोकरे वागवीत असते. अशा वेळी ती जीव घेऊन पळाली तर गाभ टाकते, किंवा पुढे मेलेले कोकरू घालते. कधी भेदरूनच मरते. कोपऱ्यात दाटल्या तर खालच्या गुदमरतात. कोकरे जन्मल्यावर पळापळ झाली तर आई आणि कोकरू यांची ताटातूट होते, आणि आईने पहिल्या दिवसांत न ओळखलेले कोकरू ती पुढे जवळ घेत नाही. म्हणजे दात न लागताही नुकसान होते, आणि ज्याने केले तो तेव्हा गावी पोचून चहा पीत असतो. त्याच्या मनात पापही नसते. "आमचे कुत्रे काही करीत नाही," असे तो शपथेवर सांगेल, आणि त्याने पाहिले तेवढ्यापुरते ते खरेही असते.

कोणी म्हणेल, त्या शेतकऱ्याची स्वतःची कुत्री दिवसभर मेंढ्यांमागे असतात, त्याचे काय? आम्हीही हे विचारले. त्याचे उत्तर असे, की कोली जातीचे त्याचे कुत्रे मेंढ्यांना भीतीनेच हाकते. लांडग्याचा तोच जुना पाठलाग आहे, फक्त शेवटचे पाऊल कापलेला. शीळ घातली की ते जागच्या जागी बसते. शहरातल्या कुत्र्यात पाठलाग तोच आहे, शीळ नाही. आपल्या धनगराचे कुत्रे तर वेगळेच काम करते. ते हाकण्यापेक्षा राखण करते आणि लांडग्यावर उलटते. मिळून दोन्ही कुत्री कामावर असतात. शहरातले बिचारे बेकार. त्याला पहिल्यांदाच काम दिसले आणि ते त्यावर धावून गेले, यात त्याचा दोष तरी किती?

कायदा याविषयी बराच जुना आणि बराच तपशीलवार आहे. १९५३ च्या कायद्याने शेतजमिनीवर कुत्र्याने जनावरांना सतावणे हा मालकाचा गुन्हा ठरवला, आणि सतावणे म्हणजे केवळ चावणे नव्हे. ज्याने इजा, गर्भपात किंवा उत्पन्नात घट होण्याचा संभव आहे असा पाठलागही त्यात घातला. कायदा लिहिणाऱ्याने शेतकऱ्याचे ऐकले होते, हे यावरून दिसते. १९८१ साली त्यात भर पडली, की मेंढरे असलेल्या कुरणात कुत्रे साखळीवाचून आणि पुरत्या ताब्यावाचून मोकळे असणे हाच गुन्हा. मग ते धावो न धावो. अपवादांत आंधळ्यांचे वाटाडे कुत्रे, पोलिसांचे कुत्रे आणि शिकवलेले मेंढराखे कुत्रे आहेत, हे योग्यच. शिकारी कुत्र्यांचा तांडाही आहे. उमरावांची कुत्री मेंढरांना भीती घालीत नसावीत!

२००० सालच्या कायद्याने उघड्या माळांवर हक्क दिला, तेव्हा हक्काबरोबरच साखळीही दिली. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रे दोन मीटरांहून लांब नसलेल्या, न वाढणाऱ्या साखळीवरच हवे, कारण त्या दिवसांत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिले असतात. आणि जनावरांजवळ तर वर्षाचे सगळे दिवस. शिवाय अशा खुल्या जमिनीतले १५ हेक्टरांपर्यंतचे कुंपणबंद कुरण मेंढ्या विण्याच्या काळात, वर्षातून एकदा, सहा आठवड्यांपर्यंत कुत्र्यांना बंद ठेवता येते. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जवळजवळ सर्वच जमिनीवर हिंडण्याचा हक्क दिला, पण तिथली आचारसंहिता सांगते, की कोकरे-वासरे असतील त्या शेतात कुत्रे नेऊच नका. आणि २०२१ मध्ये तिथे या गुन्ह्याची शिक्षा ४० हजार पौंड दंड आणि बारा महिने कैद इथपर्यंत वाढवली.

शेवटचा उपाय बंदुकीचा. १९७१ च्या कायद्याप्रमाणे जनावरांवर तुटून पडलेल्या कुत्र्याला थांबवायला दुसरा वाजवी मार्ग नसेल, तर शेतकऱ्याने त्याला गोळी घातल्यास तो नुकसानभरपाईच्या दाव्यात बचाव करू शकतो. मात्र अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याने पोलिसांना कळवले पाहिजे. आमच्या शेतकऱ्याने आयुष्यात हे एकदा केले होते. त्याविषयी तो अधिक बोलला नाही.

आता शिक्षा ही नेहमी मागाहून येते. कारखान्यात बोट तुटल्यावर मिळणारी भरपाई आम्ही पुष्कळ मिळवून दिली आहे. त्याने बोट परत येत नाही. यंत्राला जाळी बसवली तर बोट वाचते. तेव्हा आम्ही त्याला विचारले, की तुमच्या रानात जाळी कोणती? त्याने चालता चालता जे दाखवले ते आम्हांला कायद्याहून मोलाचे वाटले.

पहिली गोष्ट, कुठले जनावर कुठे ठेवायचे. त्याच्या आठ कुरणांपैकी तीन कुरणांतून वाट जाते. विण्याच्या सुमारास तो मेंढ्या उरलेल्या पाचांत घेतो. त्या दिवशी त्या वाटेच्या कुरणात होत्या, कारण वरचे गवत अजून फुटले नव्हते. दोन दिवसांत हलवणार होता. चाऱ्याची आणि पाण्याची कुंडी वाटेपासून आणि फाटकापासून लांब, कारण जनावरे जमतात तिथे चिखल होतो, चिखल चुकवायला माणसे वाट सोडतात, आणि दहा जण गेले की नवी वाट पडते. जागा असेल तिथे वाटेच्या एका अंगाने तात्पुरते तारेचे कुंपण. कधी वाट बदलून पर्यायी वाट दाखवायची. पण ती सुचवायची फक्त, सक्ती करता येत नाही, जुन्या वाटेवरचा हक्क कायमच राहतो. आणि आपले आपण मिटणारे फाटक, कारण उघडे राहिलेले फाटक हे कुत्र्याइतकेच नुकसान करते. एका शेताच्या मेंढ्या दुसऱ्यात मिसळल्या तर निवडायला दिवस मोडतो.

फाटके आणि पायऱ्या यांचे तिथे मानक ठरलेले आहे. त्याचे तत्त्व असे, की जिथे नुसती मोकळी खिंड चालेल तिथे फाटक नको, फाटक चालेल तिथे पायऱ्या नकोत. म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी हे तत्त्व आहेच. पण कुत्र्यासाठीही आहे, हे आम्ही नुकतेच पाहिले होते. पायऱ्यांवरून मोठे कुत्रे नेताना साखळी सोडावी लागते, आणि ती सोडायची जागा नेमकी मेंढरांसमोरची. पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांशेजारी गडग्यात वर सरकणारी छोटी झडप ठेवलेली असते. कुत्रे साखळीसकट खालून जाते. इथे ती नव्हती. फाटक-पायऱ्या राखणे जमीनधारकाच्या अंगावर, आणि खर्चाचा निदान चौथा हिस्सा सरकारी खात्याने द्यायचा, असा नियम आहे. उरलेले तीन हिस्से कुठून आणायचे, असे तो विचारीत होता. शहरातून येणाऱ्याच्या सोयीसाठी एकट्या शेतकऱ्याने झडप करावी हे आम्हांला तरी न्याय्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट, पाट्या. "आत शिराल तर खटला भरू" अशी पाटी इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या लटकत होती, आणि ती बहुधा खोटी होती, कारण नुसते आत शिरणे हा दिवाणी मामला आहे, फौजदारी नव्हे. जाणकार तिला लाकडावरचे खोटे म्हणत. १९४९ च्या कायद्याने तर सार्वजनिक वाटेवर लोकांना परतवण्यासाठी खोटी पाटी लावणे हाच गुन्हा केला. वळू नसताना "वळू आहे" असे लिहायचे नाही. आमचा शेतकरी एवढ्यावर थांबत नव्हता. त्याची पाटी फळीवर खडूने लिहिलेली: इथे गाभण मेंढ्या आहेत, पुढची दोन कुरणे साखळी धरा, आणि तारीख. मेंढ्या हलल्या की पाटी काढून आणायची. कारखान्याच्या फलकावर गेल्या वर्षीची नोटीस तशीच असली की नवी नोटीसही कोणी वाचीत नाही, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. बारमाही मनाई करणाऱ्या पाटीला लोक बारमाही हसतात; कारण आणि मुदत सांगणाऱ्या पाटीसमोर निदान निम्मे तरी थांबतात. आमच्या यजमानांनी ती पाटी वाचली होती, साखळीही धरली होती. पायऱ्यांनी घोटाळा केला.

गाईंचे प्रकरण निराळे आणि अधिक धोक्याचे, कारण इथे नुकसान फिरस्त्याचे होते. वळूबद्दल १९८१ चा कायदा आहे: दहा महिन्यांवरचा दुधाळ जातीचा वळू वाटेच्या कुरणात ठेवायचाच नाही, इतर जातींचा ठेवायचा तर गाईंबरोबर. पण वासराची आई ही वळूपेक्षा वाईट. तिच्या दृष्टीने कुत्रे म्हणजे लांडगा, आणि माणूस त्याला धरून आणणारा. डेव्हिड ब्लंकेट हे जन्मांध मजूरपक्षीय पुढारी, देशाचे माजी गृहमंत्री. २००९ साली याच मुलुखात त्यांच्या वाटाड्या कुत्र्यावर गाय चालून आली आणि त्यांची बरगडी मोडली. म्हणून तिथे एक नियम शिकवतात, तो मेंढरांच्या नियमाच्या बरोबर उलटा आहे: गाय अंगावर आली तर साखळी सोडून द्या. कुत्रे पळून वाचते आणि माणूसही वाचतो. मेंढीपुढे धरायचे, गाईपुढे सोडायचे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. शहाणा शेतकरी वासरांच्या आयांना वाटेच्या कुरणात मुळी ठेवीतच नाही.

कुत्र्याच्या विष्ठेची गोष्ट सभेत सांगायला थोडी संकोचाची, पण टाळण्यासारखी नाही. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून गवतावर पडतो, ते गवत खाऊन गाय गाभ टाकते. कुत्र्याकडून हे होते, हे १९९८ साली सिद्ध झाले. एकदा लागण झालेली गाय जन्मभर तो बाळगते आणि वासरांनाही देते. तेव्हा शहरात पदपथासाठी पिशवी बाळगणारा फिरस्ता "हे तर रान आहे" म्हणून ती खिशातच ठेवतो, तेव्हा तो हिशेबात चुकतो.

इतके ऐकल्यावर आम्ही म्हणालो, की मग तुम्हांला ही वाट बंदच झालेली बरी. तो म्हणाला, "एकदा झाली होती." २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली, आणि देशभर पायवाटांना टाळे लागले. एडेलच्या बाजूला फिरस्ता दिसेना. पहिले पंधरा दिवस बरे वाटले, असे तो म्हणाला. मग खानावळ बसली, दुकान बसले, त्याच्या बायकोने दोन खोल्या पाहुण्यांना देऊन चालवलेला जोडधंदा बसला, आणि मेंढरांपेक्षा त्या खोल्यांवरच खंड निघत होता हे त्याच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षी सरकारी चौकशीत ती सरसकट बंदी चूक ठरली.

यजमानांचे पत्र मे महिन्यात आले. त्या कुरणातल्या दोन मेंढ्यांनी मेलेली कोकरे घातली होती. कुत्र्यामुळे की थंडीमुळे, हे शेतकऱ्याला सांगता येईना, आणि त्याने तसे स्पष्ट कळवले होते. यजमानांनी दोन कोकरांची किंमत पाठवली. त्याने निम्मी ठेवली, निम्मी परत केली, आणि लिहिले, की झडपेचे लाकूड माझे, हात तुमचे. ते आणि त्यांच्या युनियनचे दोन जुने सुतार पुढच्या रविवारी एडेलची गाडी धरणार होते. कुत्र्याला घरी ठेवून.